कोरी जीभ आणि आंबा-मलाई

११ एप्रिल, शुक्रवार

आजपासून रोजनिशी. उद्देश: स्वतःला शिस्त. आबाजी, माझे आजोबा, म्हणायचे, दिवसभरात काय चुकलं ते संध्याकाळी कोणाला तरी सांगून टाकावं, मन हलकं होतं. मी ते त्यांनाच सांगत असे. कार्तिकात ते गेले. आता कागद.

आजची चूक: पूजेला बसले असताना मोबाईल वाजला आणि मी पाहिला. फोन जमुना आत्याचा होता, म्हणजे वडीलधाऱ्यांचा मान राखला गेला. चूक अर्धीच धरते.

आत्या रायपूरहून अक्तीच्या सणाला येणार. सोबत तिची मुलगी खुशी. सुट्टीभर राहणार. खुशीने फोनवर बाबांना विचारलं, मामाजी, वहाँ आइसक्रीम मिलती है क्या? बाबांना ते लागलं. आमच्या दवनीवाड्यात काडीवरची कुल्फी मिळते, पण ती काही रायपूरच्या मुलीपुढे ठेवण्यासारखी नाही. बाबा म्हणाले, या वेळी गोंदियाहून मोठा डबाच आणू. कोणता फ्लेवर, ते रेणू ठरवेल, कारण रेणू नीट पाहून आणते.

हे खरं आहे.

१४ एप्रिल, सोमवार

गोंदियाच्या क्लासला सुट्टी. विचाराला वेळ.

यंदाची अक्षय तृतीया, म्हणजे आमची अक्ती, नेहमीसारखी नाही. आबाजींची पहिली अक्ती. त्यांच्या नावाने घागर भरायची, पहिला आमरस त्यांच्यापुढे ठेवायचा. आमच्या घरात अक्तीआधी पिकलेला आंबा कोणी तोंडात घालत नाही. कैरी चालते. लोणचं, पन्हं चालतं. पिकलेला नाही. आधी पितर, मग आपण. आणि पहिला रस पिळायचा तो कोरी जीभ असलेल्याने. म्हणजे ज्याने यंदाचा आंबा चाखलेला नाही अशाने. मी चार वर्षांची असल्यापासून तो मीच पिळते. शाळेत जायच्या आधी आबाजींनी मला घरापुढच्या छपरीत बसवून अक्षरं शिकवली, तेव्हाच हेही शिकवलं: अन्न टाकायचं नाही, खोटं बोलायचं नाही, अक्तीआधी आंबा नाही. पुढे शाळा-कॉलेजात जे शिकले त्यातलं बरंच विसरले. हे विसरले नाही.

आईस्क्रीमबद्दल निर्णय: न चाखता पाहुण्यांपुढे काही ठेवणं बेजबाबदारपणाचं आहे. प्रत्येक फ्लेवरचा एक चमचा. हे खाणं नव्हे. खाणं स्वतःसाठी असतं, चाखणं दुसऱ्यासाठी.

१६ एप्रिल, बुधवार

फार वाईट दिवस.

क्लास सुटल्यावर स्टेशनजवळच्या डेअरीत गेले. मालक दुर्गाप्रसादजी, भला माणूस. काम सांगितलं. त्यांनी बटरस्कॉच दिलं. दाताला चिकटतं, आत्याच्या दाढेला चालणार नाही. मग सीताफळ. बरं. मग म्हणाले, ये देखो बेटा, नया है, समर स्पेशल, आणि एक छोटा कप पुढे केला. पिवळा रंग. मला वाटलं केशर. केशर पिवळंच असतं. कोणालाही तेच वाटलं असतं.

चमचा भरून तोंडात घातला. केशर नव्हतं.

थुंकणं शक्य नव्हतं. चारचौघांत होते, आणि अन्न टाकायचं नाही. एक नियम पाळावा तर दुसरा मोडतो अशी अवस्था. मग आठवलं, अन्नाचा नियम आबाजींनी आधी शिकवला होता, आंब्याचा नंतर. जो आधी तो मोठा. म्हणून कप संपवला. तो मी दुःखाने संपवला हे इथे स्पष्ट नोंदवते. दुर्गाप्रसादजींनी विचारलं, अच्छा लगा? खोटं बोलायचं नाही, म्हणून हो म्हटलं.

बसमध्ये पूर्ण वेळ जिभेवर आंबा. पाणी प्यायले, तरी आंबा.

१७ एप्रिल, गुरुवार

सुटका झाली.

पहाटे सडा टाकताना सुचलं. यंदाचे आंबे अजून झाडावर आहेत. मग कंपनीकडे आंबा आला कुठून? गेल्या वर्षीचा. डबाबंद. आणि गेल्या वर्षीचा आंबा तर गेल्या अक्तीलाच पितरांना दाखवून झाला, माझ्याच हातांनी, आबाजी समोर बसलेले असताना. म्हणजे मी नवा आंबा खाल्लेलाच नाही. एका परीने प्रसादच.

जेवताना दोनदा भात घेतला. आई म्हणाली, आज भूक लागली वाटते.

संध्याकाळी: शंका. गोंदियाच्या बाजारात आंध्राचा आंबा होळी झाली की लगेच येतो. कंपनीने तोच घेतला असेल तर? कपावर छापलेलं असेल. पण तो कप मी टोपलीत टाकला. दुसरा घ्यावा लागेल. वाचण्यासाठी.

१८ एप्रिल, शुक्रवार

क्लासला सुट्टी होती. मला माहीत होतं, पण कधीकधी ऐनवेळी उघडतात.

कप घेतला. अक्षरं मुंगीएवढी. आंब्याचा गर, दूध, साखर, आणि शेवटी ‘वरून घातलेला स्वाद’. आंबा कोणत्या सालचा, कोणत्या झाडाचा, काही नाही. एवढं वाचेपर्यंत ते वितळायला लागलं. पुढचं सांगायला नको. नियम पाळला.

पण एक नवीन धागा हाती आला. वरून घातलेला स्वाद. मला लागली ती चव आंब्याची की त्या स्वादाची? स्वादाची असेल तर दोष कंपनीच्या बाटलीतला, माझ्या जिभेवर काही नाही. आज ठरवता आलं नाही, अर्धं आईस्क्रीम घाईत खावं लागलं. पुढच्या वेळी सावकाश.

२१ एप्रिल, सोमवार

सावकाश खाल्लं. डोळे मिटून.

दातात रेषा अडकली. खऱ्या आंब्याची, लांब, चिवट. बाटलीतल्या स्वादाला रेषा नसते.

संपलं सगळं.

उद्या उपवास. आणि आईला सांगणार. लपवणं हे खोटं बोलण्यासारखंच.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळपासून कुरडयांचा घाट. आई चुलीजवळ, मी सोऱ्या दाबायला. आईला धक्का बसू नये म्हणून एकदम मुद्द्यावर आले नाही. म्हटलं, आई, समजा, आपल्या घरात कोणी अक्तीआधीच आंबा खाल्ला असला तर?

आईचा हात थांबला. चेहरा उतरला. म्हणाली, कोणं पाह्यलं?

मला हा प्रश्न जरा वेगळा वाटला. म्हटलं, पाहिलं कोणी नाही गं, पण मन तर पाहतं ना. आई थोडी सावरली. मग तिने दादाचं नाव घेतलं. म्हणाली, देवेंद्रनंच खाल्ला असन. त्याची जीभच तशी हाय. मी पाहातो त्याच्याकडं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात सोऱ्या अडकला. चीक गार झाला तर कुरडई पडत नाही, ही वेळ बोलायची नव्हती. पुढे ढकललं.

उपवास दुपारपर्यंत टिकला. आईने गरम चीक वाटीत दिला, वर साखर. स्वतः घाम गाळून केलेलं कोणी हातात देतं तेव्हा नाही म्हणणं हा अहंकार. दुसरी वाटी मात्र मी मागितली नव्हती, फक्त वाटी खाली ठेवली नाही.

२३ एप्रिल, बुधवार

प्रकरण दादापर्यंत गेलं.

आईने सकाळी देवेंद्रदादाला फैलावर घेतलं. बाबा शेतावर होते. आई म्हणाली, आबाजीची पह्यली अक्ती हाय, तुले लाज नाही वाटली? जीभ काय हातभर झाली? दादा खाली मान घालून ताटातला भात चिवडत राहिला. निर्दोष माणूस, आणि माझं पाप त्याच्या ताटात.

मग गोठ्यामागे तोच माझ्याकडे आला. हळूच म्हणाला, रेणू, तू बांधावर पाह्यलं काय मले? जाऊ दे ना वं. बाबाले नोको सांगू. चाल, तुले आज मोटरसायकलनं नेतो गोंदियाले, कायले बसमध्ये उकडून घेतं.

कोणता बांध, काय पाहिलं, मला काही कळलं नाही. खोट्या आरोपाने माणूस असा बावरतो. आणि तरी त्याच्या मनात काय, तर बहिणीला उकडू नये. मी रडले. तो म्हणाला, रडू नोको, पण नोको सांगू.

मोटरसायकलमुळे फार लवकर पोचले. क्लास अजून बंद. दुकान उघडं. दुर्गाप्रसादजींनी मी काही म्हणायच्या आत कप काढून ठेवला. म्हणाले, लो बेटा, आप का वाला.

आता माझं एक ‘वाला’ आहे. इथवर आले.

संकल्प: त्या दुकानात पुन्हा पाय नाही. शुक्रवारपासून बाजाराच्या रस्त्याने.

२५ एप्रिल, शुक्रवार

बाजाराच्या रस्त्याने गेले. संकल्प पाळला.

त्या रस्त्यालाही एक डेअरी आहे. तिथल्या आंबा-मलाईत रेषा आहे की नाही एवढंच पाहायचं होतं. नाही. पण चव स्टेशनजवळच्याची चांगली. परत येताना स्टेशनच्या रस्त्याने आले. संकल्प जाण्याचा होता, येण्याचा नव्हता.

२६ एप्रिल, शनिवार

आज फक्त घरकाम आणि पश्चात्ताप.

बांधावरचं झाड आमच्याकडे सगळ्यांत आधी पाडाला येतं. त्याचे आंबे आईने मागच्या खोलीत तणसात, भाताच्या पेंढ्यात, पिकायला घातले आहेत. ही आढी, आमच्याकडे माच म्हणतात, ती स्वतःच पाहते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आत गेली की दार लावून घेते, ऊब राहावी म्हणून. बराच वेळ लागतो तिला. किती जपते.

पण माच कमी होत चालला आहे. मी आत जाऊन पाहिलं तर तणसामागे कोया. चोखून स्वच्छ केलेल्या, एका जागी नीट रचलेल्या. आईला दाखवल्या. म्हणाली, घूस हाय. मी म्हटलं, घूस कोया रचते? आई म्हणाली, हुशार असते घूस. बाबाले नोको सांगू, त्याईच्या जिवाले घोर.

बरोबर आहे. बाबांच्या मनाला आधीच घोर कमी नाही. आईचा भार हलका करावा म्हणून न सांगता पिंजरा आणून माचात लपवून ठेवला. तो खटक्याचा, दातवाला.

संध्याकाळी: आईच्या बोटाला चिंधी बांधलेली. विळीवर कापलं म्हणाली. माझ्याशी बोलत नाही. तिला नक्की संशय आला आहे माझा. आईला सगळं कळतं.

२७ एप्रिल, रविवार

आत्या आणि खुशी आल्या. स्टेशनवर आणायला दादा.

आत्या आल्या आल्या आबाजींच्या रिकाम्या बाजेपाशी थोडी बसली. मग मला जवळ घेऊन म्हणाली, तुझ्यामुळं या घरात नेम टिकून आहे बेटा. आजकाल कोण पाळतं? मी तिथेच मरून जावं असं वाटलं. वर खुशीला म्हणाली, रेणू दीदी के सामने संभल के, बहुत नियम वाली है.

खुशीने माझ्याकडे पाहिलं आणि हात पाठीमागे नेला. हातात कसली तरी रिकामी पिवळी बाटली होती. मला पाहायची इच्छा नव्हती, आणि आत्याने घाईने तिला तोंड धुवायला नेलं. प्रवासात मूल घामेजतं.

जेवताना खुशीने मला विचारलं, दीदी, अक्ती के पहले खा लिया तो क्या होता है? मी तिला समजावून सांगितलं की आबाजी वाट पाहत असतील. वर्षभराची तहान. आपण आधी तोंड लावलं तर त्यांना उष्टं मिळतं. मी इतकं चांगलं सांगितलं की ताटावर सगळ्यांचेच घास थांबले. दादाला ठसका लागला.

स्वतःच्या तोंडाने मी हे सांगितलं. या तोंडाने.

२८ एप्रिल, सोमवार

आज डबा आणायचा होता. घरून ठरवून निघाले: व्हॅनिला. पांढरं, निरुपद्रवी, कोणाच्या पितरांशी संबंध नाही.

दुर्गाप्रसादजींनी फ्रीजरमधून मोठा डबा काढला. आंबा-मलाई. माझ्यासाठी वेगळा ठेवला होता. म्हणाले, घर में मेहमान है बोला था न, संभाल के रखा है. एवढ्या उन्हात कोणी आपल्यासाठी काही सांभाळून ठेवतं, त्याला नाही कसं म्हणायचं? शिवाय अक्तीला नैवेद्य झाल्यावरच उघडायचा. तेव्हा आंबाच काय, काहीही चालतं. घेतला.

वर्तमानपत्र, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर बर्फ. तरी फाटकावर बस थांबली आणि मालगाडी काही संपेना. बर्फाचं पाणी. डब्याचं झाकण फुगलं. कडेने पिवळा ओघळ. शेजारी आमच्या गावचे शालीकराम काका बसले होते, त्यांच्या स्वच्छ धोतराकडे तो ओघळ निघाला. काहीतरी करणं भाग होतं. पर्समध्ये लाकडी चमचा निघाला, तो तिथे कसा आला आठवत नाही. कडा कमी केल्या. चारही बाजूंनी सारख्या, नाहीतर डबा कलला असता.

काकांनी विचारलं, काय खाऊन राहिली वं पोरी? खोटं बोलायचं नाही. म्हटलं, जे वाहून जाऊन राहिलं ते, काका. घ्या ना थोडं. त्यांनी वाकून पाहिलं, वास घेतला आणि मागे सरकले. म्हणाले, नाही बाई, आंबा हाय तो. अक्ती व्हायची हाय ना आमची.

मग मी घरापर्यंत खिडकीतून बाहेर पाहत बसले.

२९ एप्रिल, मंगळवार

निर्णय पक्का. बाबांना आजच सांगायचं. काय बोलायचं तेही ठरवलं. सुरुवात, ‘बाबा, तुम्ही ज्या मुलीवर विश्वास टाकला’ अशी.

दुपारी बाबा कुंभाराकडून नवी घागर घेऊन आले. आईला दिली नाही, स्वतःच विहिरीवर धुतली. मी जवळ जाऊन उभी राहिले. पहिलं वाक्य तोंडात आलं. तेवढ्यात बाबा म्हणाले, रेणू, उद्या बाबूजीले पह्यला रस. तो तुयाच हातचा पाह्यजे. माया हातचं पाणीबी त्याईले गोड नाही लागे, रस तुयाच हातचा लागे.

बाबांनी घागर उपडी ठेवली. बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले, तोंड पलीकडे करून.

मी म्हटलं, हो बाबा.

त्यानंतर वीज गेली. फ्रीजमधला डबा पाहणं माझी जबाबदारी होती. वरचा थर सैल झाला होता, तो काढून टाकला. टाकला म्हणजे, नियमाप्रमाणे. मग चमच्याने वरून सपाट केलं, कोणाला हात लावल्यासारखं वाटू नये म्हणून. ही फसवणूक नाही, टापटीप आहे.

उद्या सकाळी सांगणारच. सगळ्यांसमोर. आता मागे फिरणार नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्ती.

सांगितलं.

अंगण सारवलेलं. घागर भरून ठेवलेली, तिच्यावर आंब्याची पानं. सगळे बसलेले. आईने आंब्याची परात पुढे केली आणि म्हणाली, ये वं रेणू, पिळ. बाबा घागरीजवळ, धुतलेला सदरा घालून.

मी उभी राहिले. ठरवलेलं सगळं विसरले. म्हटलं, मी नाही पिळू शकत. माझी जीभ कोरी नाही. मी आंबा-मलाई खाल्ली. एकदा नाही. स्टेशनजवळच्या दुकानात, बाजाराच्या दुकानात, बसमध्ये, फ्रीजपाशी. दादाने माझ्यामुळे शिव्या खाल्ल्या. मला वाटेल ती शिक्षा द्या.

मी वाट पाहत होते.

मग दादा म्हणाला, म्हणजे तू मले बांधावर पाह्यलंच नाही?

आणि स्वतःच्याच मांडीवर हात मारून हसायला लागला. बांधावर पाडाचे आंबे पडतात, ते तो रोज तिथेच बसून चोखत होता. मी पाहिलं आणि आईला सांगितलं, असं धरून चालला होता. आई म्हणाली, हसून काय राहिला मेल्या. मग पदराआड तीही हसायला लागली. माच पाहाले गेलं की एखादा फुटलेला निघे, म्हणाली. फेकू का मंग? आणि चिंधीचं बोट वर करून म्हणाली, या पोरीनं त घुशीसाठी खटका लावला होता. आत्या म्हणाली, तुम्ही आंब्याचं काय सांगता, आमच्याकडं मँगो शेक होळीपासून सुरू आहे. खुशी म्हणाली, मैंने तो ट्रेन में भी पिया. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवून हसून घेतलं. मी मध्येच उभी.

मी म्हटलं, मग मला कोणी सांगितलं का नाही? आई म्हणाली, तुले कोण सांगन बाप्पा? तुले कळलं त तू घर डोक्यावर घेतं, तीन दिवस जेवत नाही. तुया भेवानंच त लपून खाऊन राहिलो आमी.

मी इतके दिवस जे भोगलं त्याला काही किंमतच नाही, असं झालं. कोणी रागावलंसुद्धा नाही.

मग आईचं लक्ष बाबांकडे गेलं. बाबा हसत नव्हते. हात गुडघ्यांवर. आईने हळूच विचारलं, तुमीबी खाल्ला काय जी कुठं?

बाबा म्हणाले, नाही.

एवढंच. रागाने नाही. वेळ विचारल्यावर सांगावी तसं. आत्याने पदर डोळ्यांना लावला. दादा जमिनीकडे पाहायला लागला.

बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. म्हणाले, त मग मलेच पिळा लागन.

बाबांनी जन्मात रस पिळलेला नाही. पहिल्याच आंब्याची साल फुटली, रस कोपरापर्यंत. कोय सुटून सारवणावर गेली, ती उचलून धुऊन आणली. मला राहवलं नाही. म्हटलं, बाबा, आधी तळहातावर घोळवा, मऊ होऊ द्या, मग देठ काढा. म्हणाले, कसं? दाखव.

मी परातीला हात लावू शकत नव्हते. समोर बसले आणि रिकाम्या हातांनी दाखवलं. हवेत आंबा घोळवला, हवेत देठ काढला, वरून खाली अंगठा आणला. बाबा माझ्या हातांकडे पाहून तसंच करत गेले. परातीतले सगळे आंबे होईपर्यंत माझे कोरडे हात चालू होते.

वाटी घागरीसमोर ठेवली. रसात गुठळ्या होत्या, सालीचे तुकडेही. बाबा हात जोडून म्हणाले, बाबूजी, पोरीसारखा नाही जमला. घ्या.

३० एप्रिल, दुपारी चार

पंगत झाली. मी रस घेतला नाही. यापुढे आयुष्यभर आईस्क्रीम खायचं नाही असं ठरवून मागच्या खोलीत, तणसाजवळ बसले होते.

खुशी वाटी घेऊन आली. आंबा-मलाई. म्हणाली, मामाजी ने भेजा है. बोले, दीदी को बोलो अब चलता है. मी म्हटलं, घेऊन जा. ती म्हणाली, नहीं खाओगी तो फेंकना पड़ेगा, आणि वाटी ठेवून पळाली.

बाहेर आले. बाबा छपरीत बसून आईस्क्रीम खात होते. कोपरं अजून पिवळी, धुतली नव्हती. माझ्याकडे पाहून शेजारची जागा हाताने झटकली. बसले. खाल्लं.

आज कसलाच दोष नव्हता. पितरांचं झालं होतं, घरच्यांचं झालं होतं, बाबांनी स्वतः पाठवलं होतं. सावकाश खाल्लं, डोळे मिटूनही पाहिलं. थंड होतं. गोड होतं. बाकी काही लागलं नाही. दादाला विचारलं, तो म्हणाला मस्त हाय. खुशीने दुसऱ्यांदा घेतलं. आत्यानेसुद्धा.

काल वीज गेली त्याने फ्रीज बिघडला असावा. उद्या मेकॅनिकला फोन करायचा.